गट नंबर सांगा, दावा दाखवा

२० डिसेंबर २००४ ही तारीख पेण तालुक्यातल्या जिते गावात फार थोड्यांच्या लक्षात असेल. पण वडिलोपार्जित जमिनीत लेकीला वाटा मिळणार की नाही, हे पुष्कळ घरांत याच तारखेवर ठरतं. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केलं. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, लेकीचा हक्क कायम. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल, तर ते या दुरुस्तीने मोडत नाही. रीतसर म्हणजे नोंदवलेल्या वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेलं. नुसतं तोंडी वाटप झालं होतं असं म्हणणाऱ्याचं न्यायालय अपवाद म्हणूनच ऐकतं, तेही पाठीशी सरकारी कागद असेल तर.

मग घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. भाऊ म्हणतो, "अगं ताई, आजोबांच्या वेळीच कोर्टातून वाटप झालंय." ताई म्हणते, "झालं असेल तर कागद दाखव." दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांकडेही कागद नसतो.

कागद असलाच तर तो पेणच्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षात. जित्याहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की मध्ये हमरापूर आणि मग पेण. अंतर इतकं थोडं. तरीही त्या दप्तरापर्यंत पोचायला माणसाची वर्षं जातात, कारण दावा शोधायची किल्ली गावकऱ्याच्या हातात नाही. त्याला आपली जमीन ठाऊक असते, गावाचं नाव ठाऊक असतं, गट नंबर पाठ असतो. न्यायालय त्याला विचारतं, दावा क्रमांक काय? वर्ष कोणतं? वादी कोण?

ई-कोर्ट सेवेचं संकेतस्थळ आणि मोबाइलवरचं ॲप ही गेल्या काही वर्षांतली चांगली सोय आहे, यात शंका नाही. हा प्रकल्प २००७ साली सुरू झाला. आज जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या खटल्याची पुढची तारीख, झालेले आदेश, रोजनामा घरबसल्या, फुकट पाहता येतो. प्रत्येक खटल्याला सीएनआर नावाचा १६ अंकाक्षरांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेत, त्यानंतर ६ आकडी अनुक्रम आणि शेवटी ४ आकडी वर्ष. तो हाती असेल तर क्षणात सगळं समोर येतं. पण ज्याच्याकडे सीएनआर आहे, त्याच्याकडे बहुतेक वेळा कागदही असतात. अडलेला असतो तो दुसराच. त्याच्यासाठी शोधाच्या वाटा अशा: पक्षकाराचं नाव, खटल्याचा क्रमांक, दाखल क्रमांक, वकिलाचं नाव, एफआयआर क्रमांक, कायदा, खटल्याचा प्रकार. या यादीत गाव नाही आणि गट नंबरही नाही.

नावाने शोधायचं तर पेण-रोह्याकडे पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत, भोईर अशी आडनावं गावागणिक भेटतात. त्यातून ती इंग्रजी स्पेलिंगने चढवलेली. नावासोबत नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं. आजोबांनी दावा १९७८ साली लावला की १९८४ साली, हे नातवाला कुठून ठाऊक असणार? दावा आजोबांच्या नावाने होता की चुलत आजोबांच्या, की विधवा आजीच्या, हेही सांगता येत नाही. शिवाय संगणक येण्याआधी निकाली निघालेले सगळे दावे या यंत्रणेत चढलेले नाहीत. वाटपाचे, वहिवाटीचे, कुळांचे जे कज्जे आजच्या भांडणाच्या मुळाशी आहेत, ते नेमके त्या जुन्या काळातले आहेत.

आता जमिनीचीच इतर दोन दप्तरं पाहू. सातबारा काढायचा तर संगणक जिल्हा विचारतो, तालुका विचारतो, गाव विचारतो आणि गट नंबर. खरेदीखत शोधायचं तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्येही जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की इंडेक्स-दोन, म्हणजे खताचा गोषवारा, दिसतो. महसूल खातं गावकऱ्याशी गावाच्या आणि नंबराच्या भाषेत बोलतं, नोंदणी खातंही तसंच बोलतं. त्याच जमिनीबद्दल सर्वांत पक्का शब्द ज्याचा, ते न्यायालय तेवढं त्याला माणसाच्या नावाने आणि वर्षाने शोधायला लावतं.

ही माहिती न्यायालयाकडे नाही असं म्हणायलाही जागा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ३ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दाव्यात त्या मिळकतीचं वर्णन ओळख पटेल असं द्यावंच लागतं. चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर असतील तर ते लिहावे लागतात. आदेश २०, नियम ९ हुकूमनाम्याबद्दल हेच सांगतो. म्हणजे पेणच्या न्यायालयात आजवर जमिनीचा जो जो दावा लागला, त्याच्या अर्जात गावाचं नाव आणि नंबर कायद्यानेच लिहिलेला आहे. ती माहिती कागदाच्या पोटात आहे, फक्त कपाटाच्या दारावर लिहिलेली नाही. ही एक नोंद शोधयंत्रात चढवली, तर जित्याच्या माणसाला गावाचं नाव आणि गट नंबर सांगून आपल्या जमिनीवरचे सगळे दावे, चालू आणि निकाली, पाहता येतील. या लेखाची मागणी एवढीच आहे. ती छोटी वाटते, पण तिच्याअभावी जे घडतं ते छोटं नाही.

आज माणसं काय करतात, हे पाहिलं की फरक कळतो. जाणकार मंडळी आधी तलाठ्याकडचे फेरफार चाळतात. न्यायालयाच्या निकालानुसार सातबाऱ्यावर नाव बदललं असेल, तर फेरफाराच्या नोंदीत बहुधा न्यायालयाचं नाव, रे.मु.नं. म्हणजे दावा क्रमांक, आणि तारीख सापडते. तिथून धागा धरून अभिलेख कक्षात जायचं. ही युक्ती ज्याला ठाऊक आहे, त्याचं काम होतं. पण हुकूमनामा झाला आणि फेरफार पडलाच नाही, अशीही उदाहरणं कमी नाहीत. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाल्यावर प्रत्यक्ष वाटणी न्यायालय स्वतः करत नाही. संहितेच्या कलम ५४ नुसार तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेख. या प्रवासात कागद अडकला की सातबारा जुनाच राहतो आणि पुढच्या पिढीला वाटतं, कोर्टात काही झालंच नव्हतं. जिथे एकत्रीकरण योजना झाली, तिथे जुन्या सर्व्हे आणि हिस्सा नंबरांचे गट झाले. मग हुकूमनाम्यातला नंबर आणि आजचा नंबर जुळवायलाच एक जाणता माणूस लागतो.

क्रमांक सापडला तरी पुढे नकलेचं प्रकरण असतं. नक्कल अर्ज, कोर्ट फी, शोध, पानं मोजणं, तयार झालेली प्रत, तीवर सहीशिक्का. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला; त्याच्या कलम ७५ मध्ये प्रमाणित प्रतीची तरतूद आहे. १८७२ च्या जुन्या कायद्यात ती कलम ७६ मध्ये होती. ई-कोर्टवरून उतरवून घेतलेला निकाल वाचायला पुरतो, पुरावा म्हणून द्यायचा तर शिक्क्याची प्रत लागते. त्या प्रतीवरच्या तीन तारखांकडे सामान्य माणूस लक्ष देत नाही: अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. खरं तर त्यांच्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. पेणच्या निकालावर अलिबागच्या जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. मुदत कायदा १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. नक्कल मागायला उशीर केला तर तो उशीर मात्र वजा होत नाही. निकाल लागल्यावर लगोलग नकलेचा अर्ज टाका, हे वकील का सांगतात, त्याचं कारण हे. अलिबागला जायचं तर रेल्वे नाही. पेणहून थळकडे जाणारा रूळ मालगाड्यांचा आहे. वडखळ, पोयनाड करत एसटीने जायचं. रोजंदारी बुडवून असं जाणाऱ्याला "उद्या या" हे दोन शब्द किती महाग पडतात, ते खिडकीपलीकडच्याला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. दावा संपल्यावर आपण दाखल केलेले मूळ दस्त परत मागता येतात. आदेश १३, नियम ९ त्यासाठीच आहे. पुष्कळ जण ते मागत नाहीत. न्यायालयाचं सगळं दप्तर जन्मभर राहत नाही. १९१७ चा अभिलेख नष्ट करण्याचा कायदा आणि त्याखालचे उच्च न्यायालयाचे नियम यांनुसार काही कागद दीर्घकाळ जपले जातात आणि बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. आजोबांचं मूळ खरेदीखत न्यायालयात "सुरक्षित आहे" या भरवशावर राहणं म्हणजे ते गमावायची तयारी ठेवणं.

"कोर्टाचे कागद" म्हणताना गावात जे अभिप्रेत असतं, त्यातला मोठा भाग मुळात दिवाणी न्यायालयात नसतोच. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो सहा वर्षं चालला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसणारा मालक झाला. पण कूळ कोण, किंमत किती, हे ठरवायचं काम कुळकायद्याने दिवाणी न्यायालयाकडे ठेवलं नाही. ते तहसीलदाराकडे, म्हणजे शेतजमीन न्यायाधिकरणाकडे दिलं. बांधावरची वाट अडवली, पाण्याचा पाट मोडला, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही चालतो आणि तो दावाही तहसीलदारच ऐकतात. त्यावर प्रांत, वर जिल्हाधिकारी, काही बाबतींत महसूल न्यायाधिकरण. म्हणजे एकाच शेताची न्यायकथा तीनचार कचेऱ्यांत विभागलेली, प्रत्येकाचं दप्तर वेगळं, प्रत्येकाचा क्रमांक वेगळा. या सगळ्यांना जोडणारा दुवा कोणता? पुन्हा तोच: गाव आणि गट नंबर.

तालुक्याच्या न्यायालयातल्या साध्या कागदाचं मोल किती असू शकतं, हे याच जिल्ह्याने देशाला दाखवलं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी तिथल्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा लावला. तो होता १९२७ चा दावा क्रमांक ४०५. तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला तात्पुरती मनाई मिळाली. परिषदेतल्या हजारो लोकांसमोर त्या मनाईच्या कागदाचा मान राखून बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई न्यायालयात नेली. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. ठाण्यातलं अपील १९३३ च्या जानेवारीत फेटाळलं गेलं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादि काळापासूनची म्हणून सांगितलेली वहिवाट सिद्ध झालेली नाही, हा त्याचा गाभा.

दहा वर्षांचा हा लढा आज तारीखवार सांगता येतो, कारण ती कागदपत्रं जपली गेली. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालेत, १७ व्या खंडात, ती छापली आहेत. दाव्याचा अर्ज, मनाईचा आदेश, साक्षी. एरवी महाडच्या तालुका कोर्टातला एक मिळकतीचा दावा, एवढीच त्याची नोंद राहिली असती. त्यातून अभ्यासकाला आणखी एक गोष्ट शिकता येते. कुलाब्याच्या या दाव्याचं अपील ठाण्याला चाललं. तेव्हा रायगडातला त्या काळचा खटला शोधणाऱ्याने नुसतं अलिबाग पाहून थांबू नये. कागद जिल्ह्याच्या आजच्या सीमा पाळत नाहीत.

हे कागद कुणाला पाहता यावेत, हा प्रश्न वेगळा आणि वादाचाही. न्यायालय खुलं असतं, हे आपल्याकडे तत्त्व म्हणून फार पूर्वी मान्य झालं आहे. त्याचा मोठा खटलाही मुंबईचाच. 'ब्लिट्झ'च्या संपादकांवरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश झाला. पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांची याचिका फेटाळली, पण त्याच निकालात सांगितलं की न्यायदान सर्वसाधारणपणे उघड्यावरच व्हायला हवं आणि बंद दार हा अपवाद. खटला चालू असताना कुणीही मागच्या बाकावर बसू शकतो. मग खटला संपल्यावर त्याच खटल्याचा कागद मागणाऱ्याला "तुमचा संबंध काय?" असं का विचारलं जातं?

कायद्याचं उत्तर असं आहे. पक्षकाराला नक्कल हक्काने मिळते. तिऱ्हाइताला कारण सांगावं लागतं. माहिती अधिकाराखाली अर्ज केला तर चालेल का, हा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ४ मार्च २०२० रोजी निकाल आला: उच्च न्यायालयाच्या नियमांत नक्कल मिळवायची सोय असेल तर त्याच वाटेने जा, माहिती अधिकाराची वाट इथे नाही. याउलट अमेरिकेत कौंटीच्या न्यायालयात लिपिकाच्या खिडकीशी जाऊन सर्वसाधारण फाइल मागणाऱ्याला कारण सांगावं लागत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच न्यायालयीन कागद पाहण्याचा आणि त्यांची प्रत घेण्याचा सर्वसामान्य हक्क मान्य केला. तिथेही बंद ठेवलेल्या फाइली असतात आणि संघराज्याच्या न्यायालयांत संगणकावर पानामागे १० सेंट मोजावे लागतात. पण सुरुवात "हो"पासून होते, नकार देणाऱ्याने कारण द्यायचं असतं.

निदान अंतिम निकालपत्र आणि हुकूमनामा यांच्यापुरती तरी आपली सुरुवातही "हो"पासून व्हायला हवी. पुष्कळ अलीकडचे निकाल ई-कोर्टवर आधीच उघडे आहेत. मग जुन्या निकालाच्या शिक्क्याच्या प्रतीसाठीच कारण का सांगायचं?

याला दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली खासगीपणाची. बलात्कारपीडितेची ओळख, अल्पवयीन मुलांचे खटले, नवरा-बायकोचे वाद यांतली नावं उघडी करू नयेत, यात दुमत असायचं कारण नाही. तशी बंदी कायद्यातच आहे आणि ती काटेकोर पाळली गेली पाहिजे. पण जमिनीचा दावा हा प्रकारच निराळा. ज्या जमिनीचा सातबारा आणि खरेदीखताचा गोषवारा जगाला दिसतो, तिच्यावरचा दावा तेवढा लपवून कुणाचं रक्षण होतं? दुसरी हरकत दलालांची. गट नंबर टाकून दावे दिसू लागले, तर भांडणातल्या जमिनी हेरून त्या मातीमोलाने उचलणारे टपलेलेच आहेत, असं म्हणतात. ही भीती खरी आहे. मात्र त्या मंडळींना आजही सगळं ठाऊक असतं. त्यांची माणसं कचेरीकचेरीत असतात. माहिती झाकली की ती फक्त गरजवंतापासून झाकली जाते.

पेणच्या परिसरात ही गोष्ट आज जास्तच तातडीची आहे. सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण, पनवेलच्या जमिनी घ्यायचं ठरलं, तेव्हा पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान करून आपलं म्हणणं मांडलं. तो धोका टळला. नंतर मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण आलं, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला. त्याच वर्षी उरण, पेण आणि पनवेल तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नव्या नगराचं प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. जमिनीला भाव आला की विसरलेले हिस्सेदार उभे राहतात, मोबदल्याच्या वाटपावरून भाऊबंद कोर्टात जातात. त्याच वेळी बाहेरचा घेणारा सातबारा आणि इंडेक्स-दोन पाहून व्यवहार करतो. चालू दावा सातबाऱ्याच्या इतर हक्कात दिसेलच याची खात्री नसते. तो बिचारा नंतर वर्षानुवर्षं प्रतिवादी म्हणून तारखा भोगतो. दिवाणी दाव्यांची संख्या कमी करायची असेल, तर व्यवहाराआधी दावा दिसणं हा साधा मार्ग आहे.

याच तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांसाठी तर एखादा जुना न्यायालयीन कागद म्हणजे जमीनच. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत, नियम १३ मध्ये, दाव्याचा पुरावा म्हणून न्यायालयीन आणि अर्धन्यायिक अभिलेख धरले आहेत. वनजमीन कसली म्हणून आजोबांवर खटला झाला असेल, तर तोच खटला आज सांगतो की हे कुटुंब तेव्हा तिथे कसत होतं. शिक्षेचा कागद हक्काचा पुरावा होतो. पण कातकरी वाडीतल्या माणसाने तो शोधायचा कसा? त्याला ना वर्ष ठाऊक, ना क्रमांक. अनेकदा आडनाव वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळं लागलेलं. त्याला वाडीचं नाव मात्र पक्कं सांगता येतं.

शासनाने मनावर घेतलं तर जुनी दप्तरं उघडतात, हेही आपण अलीकडेच पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, पोलीस ठाणी अशा कितीतरी ठिकाणची दप्तरं चाळली गेली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. लाखो नोंदी निघाल्या. त्या शोधामागचं राजकारण बाजूला ठेवू. कपाटात पडलेल्या कागदाला अनुक्रमणिका मिळाली की काय होतं, हे त्यातून राज्यभर दिसलं. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० च्या, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आणि इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यासाठी आजही मुलं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात. जुन्या दाव्यांच्या अर्जात पक्षकाराची जात आणि धंदा लिहिण्याची पद्धत होती. तो खजिना अभिलेख कक्षांत पडून आहे.

मग अडचण पैशाची आहे का? सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले २,०३८.४० कोटी खटल्यांचे कागद स्कॅन करून जपण्यासाठी आहेत; जुने, निकाली दावेही त्यात येतात. म्हणजे पेणच्या, रोह्याच्या, महाडच्या अभिलेख कक्षातल्या बासनांची गाठ एकदा सुटणारच आहे. प्रत्येक पान माणसाच्या हाताखालून जाणार आहे. त्या वेळी स्कॅन करणाऱ्याने फाइलवर फक्त दावा क्रमांक आणि वर्ष टाकलं, तर कागद टिकेल, पण सापडणार नाही. त्याच हाताने गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर या तीन गोष्टी चढवल्या, तर पुढच्या शंभर वर्षांचं काम होईल. नंतर हेच करायचं म्हटलं तर सगळी बासनं पुन्हा सोडावी लागतील आणि त्यासाठी दुसऱ्यांदा पैसा कोण देणार?

नोंद मराठीत, देवनागरीत हवी, हा आग्रहही धरलाच पाहिजे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. साक्षी मराठीत होतात, दाव्याचे अर्ज मराठीत असतात, निकालही मराठीत येऊ लागलेत. असं असताना पक्षकाराचं आणि गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगच्या अंदाजाने का शोधायचं? सातबारा तर मराठीत आहे.

नव्या दाव्यांपुरती सुरुवात उद्यासुद्धा करता येईल. दावा दाखल करताना वकील जो तपशिलाचा फॉर्म भरतात, त्यात मिळकतीचा दावा असेल तर गाव आणि गट नंबर सक्तीचा करावा. उच्च न्यायालयाच्या एका परिपत्रकाचं हे काम आहे. जुन्या दाव्यांसाठी रायगडात एखादं न्यायालय प्रयोगाला निवडावं. पेण त्याला योग्य: तालुका मध्यम, जमिनीचे वाद भरपूर, बदलाचा वेग मोठा. वकील संघटनेतल्या ज्येष्ठांना जुने दावे आणि जुने सर्व्हे नंबर तोंडपाठ असतात. ती माणसं आहेत तोवर त्यांचा उपयोग करून घ्यावा. विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचे तास भरावे लागतात, ते या कामात लावता येतील. ई-सेवा केंद्राच्या खिडकीवर नकलेचा अर्ज, भरायची फी आणि मिळायची तारीख मराठीत फलकावर लिहावी, आणि अर्ज पेणला टाकून अलिबागच्या दप्तरातली नक्कल पेणलाच मिळावी. रायगडच्या आमदार-खासदारांनी महामार्ग आणि नगराच्या बैठकांत रस्त्याची रुंदी विचारली, तसा हाही प्रश्न विचारावा: जिल्ह्याच्या न्यायालयातले कागद स्कॅन करण्याचं काम कुठवर आलं, आणि त्या स्कॅनवर गावाचं नाव टाकलं जातंय का?